दगडाखालचा कोळसा

"सावली बघून यंत्र मांडलंस तू, संघपाल. दगडावर मांडलंच नाहीस," अभयसाहेब म्हणाला. तेही गाडीतूनच, काच चार बोटं खाली करून.

संघपालच्या डोक्यात तिडीक गेली. सव्वीस वर्षं तो मोजणीचं यंत्र उभं करत होता. त्याला अरे-तुरे करणाऱ्या या साहेबाचं वय तरी तेवढं होतं की नाही, कोण जाणे.

बिडकीनच्या माळावर आठवडाभर एकच काम चाललं होतं. मोजणीचा जुना दगड, त्याची जागा कागदावर पक्की. त्यावर यंत्र ठेवायचं आणि आपल्या देशाचे 'नाविक'चे उपग्रह तीच जागा सांगतात का ते पाहायचं. सातही दिवस उत्तर नऊ मीटर पूर्वेला येत होतं. साहेबाने अहवालात लिहूनही टाकलं, 'मदतनीस संघपाल साळवे याची चूक'. उद्यापासून गारखेड्याच्या ऑफिसात येऊ नकोस, हेही सांगून झालं.

माणूस चुकला तर कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. सात दिवस एकाच दिशेला, एकाच मापाने कसा चुकेल? एवढं दहावी नापास संघपालला कळत होतं. त्याने ते सांगितलंही, पण काच वर गेली होती.

कुदळ उचलून तो दगडापाशी गेला. शेळ्या वळणारी सुगंधाबाई काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"त्यो दगूड रस्तावाल्यांच्या मशिनीनं उपटला व्हता," ती म्हणाली. "मंग नजरेनंच रोवला इथं. आमी बगितलं की. तुमी इचारलंच नाय."

बारा वर्षांपूर्वी हा दगड संघपालनेच राजेंद्रसाहेबांच्या हाताखाली रोवला होता. ते आता हयात नाहीत. दगड रोवण्याआधी खाली पाटीभर कोळसा पुरायचा, ही त्यांची शिस्त. दगड कुणीही हलवतो, कोळसा कुणी नेत नाही आणि तो कुजतही नाही, असं ते म्हणायचे. आता खणलं तर दगडाखाली नुसता मुरूम निघाला. रुंद रस्त्याने माळाची ओळखच पुसली होती, हे खरं; पण पहिल्याच दिवशी पहार मारून कोळसा बघायला हवा होता. संघपालला स्वतःचाही संताप आला.

त्याने पश्चिमेला नऊ मीटर टेप ओढली आणि कंबर भरून येईपर्यंत खणलं. दीड हातावर माती काळी झाली.

यंत्र तिथे हलवलं. दुपारपर्यंत फरक मीटरभरावर आला. तेव्हा साहेब आठवड्यात पहिल्यांदा गाडीतून उतरला. भलताच खूश होता. आकडे तपासताना दगड सरकल्याचं लक्षात आलं, असं लिहू म्हणाला. उद्या कामावर ये, असंही म्हणाला.

"आन् माझं नाव?"

"अरे, अहवालात मदतनिसाचं नाव नसतं."

"चुकीला व्हतं की, साहेब."

साहेबाने मोबाइल काढला, अहवालाच्या फोटोसाठी खड्ड्यावर धरला आणि संघपालला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

संघपाल खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. कोपरापर्यंत काळे झालेले हात त्याने पुढे धरले. साहेबाने मोबाइल दोनदा खाली केला, दोनदा वर केला. संघपाल जागचा हलला नाही.