शेंदराखालचा ठसा

सागाचा ओंडका गिरणीत उतरला आणि अच्युतरावांनी पायांतल्या चपला काढल्या. रायसेन रोडवरच्या त्यांच्या आरागिरणीत रोजच लाकडं करवतीखाली जात, पण याची गोष्ट वेगळी. आनंद नगरातल्या दत्तमंदिराची चौकट वाळवीनं पोखरली होती. भर कीर्तनात वसंतबुवांनी झांज थांबवून विचारलं होतं, "यंदाच्या जयंतीला देव नव्या दारातून दर्शन देणार का हो?" आणि अच्युतराव उभे राहून म्हणाले होते, "देणार बुवा, माझा शब्द!" कीर्तनात दिलेला शब्द. तो काय मागं घेता येतो?

अच्युतरावांच्या धाकट्या भगिनी कांचनताई आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या नागपूरकडच्या सासरची रीत अशी, की देवाच्या कामाचं लाकूड कापण्याआधी त्याला तेलशेंदूर लावायचा आणि झाडाची क्षमा मागायची. ओंडक्याचं कापलेलं तोंड गोल, गुळगुळीत. शेंदराला त्याहून बरी जागा कुठली? ताईंनी हात भरून लावला. अच्युतरावांनी वर आणखी एक हात दिला. नारळ फुटला, जयजयकार झाला.

लिलावात विकलेल्या लाकडावर मारतात तो सरकारी हातोड्याचा ठसा नेमका त्याच तोंडावर होता, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी करवत सुरू होणार, तोच तपासणीची जीप दारात. जंगलवाल्यांचे तिवारीसाहेब तसे भले गृहस्थ, कपाळाला टिळा, बोलण्यात साखर. गिरणीचा परवाना पाहिला, लाकडाचा पास पाहिला, मान डोलावली. "बढ़िया. अब निशान दिखाइए, अच्युत भाऊ."

अच्युतरावांनी ओंडक्याच्या शेंदरी तोंडाकडे बोट दाखवलं. "शेंदराखाली आहे, साहेब."

"नीचे है तो दिखेगा कैसे? बिना निशान का सागौन तो चोरी का माना जाएगा."

"अहो, तुमच्याच डेपोतून लिलावात घेतलाय! पास तुमच्या हातात आहे ना?"

"पास तो किसी भी लकड़ी के साथ घूम ले, भाऊ. निशान नहीं घूमता."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. एका पासावर दहा ओंडके फिरवणारे महाभाग अच्युतरावांनाही ठाऊक होते. नियम केला त्यांच्यासाठी, आणि पाय अडकला सरळ चालणाऱ्याचा!

"थांबा, घासलेटनं पुसून देतो."

"हाथ मत लगाइए! निशान से छेड़छाड़ अलग जुर्म है."

"मग तुम्ही पुसा."

साहेबांनी आधी बूट काढले. मग ओंडक्याला हात जोडले. "मैं? बजरंगबली का चोला उतारूँ? और वो भी मंगलवार को?"

"अहो, मारुती नाहीये तो, ओंडका आहे!"

"तो सिंदूर किसने चढ़ाया?"

कांचनताईंनी पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

ओंडका गाडीत चढला आणि डेपोत जाऊन पडला. मग सुरू झाल्या अच्युतरावांच्या प्रदक्षिणा. डेपोवाले म्हणत, ठसा दाखवा, माल सोडतो. शेंदूर पुसून ठसा पाहायचा तर वरचा हुकूम हवा. वरचे म्हणत, आधी ठसा आहे असं डेपोनं लिहून द्यावं. दुसरा ओंडका घ्यावा, तर पुढचा लिलाव जयंतीनंतर.

"काय हा धंदा!" एकदा जेवताना ते कडाडले. "माझं लाकूड, माझी करवत, माझा देव. आणि परवानगी साऱ्या गावाची!"

"शेंदूर मी लावला," कांचनताई पुटपुटल्या.

"तू भक्ती केलीस गं. भक्तीला पास लागतो, हे मला ठाऊक नव्हतं."

अखेर जयंतीच्या सकाळी हुकूम आला: शेंदूर पुसून ठसा तपासावा, लाकूड सोडावं. चौकट आज होणार नव्हती, पण निदान ओंडका तरी देवापुढे नेऊन ठेवता येईल, म्हणून अच्युतराव टेम्पो घेऊन निघाले.

डेपोत शिरले आणि जागच्या जागी थबकले. ओंडक्यावर पत्र्याचं छप्पर, भगवा झेंडा, झेंडूच्या माळा. ट्रकवाले नारळ फोडत होते. शेंदराचे थर तर असे चढले होते, की ठसा पाताळात गेला म्हणावा.

"चप्पल उतारिए, भाई साहब," चौकीदार म्हणाला.

अच्युतरावांनी चपला काढून हुकूम पुढे केला. चौकीदारानं तो सावकाश वाचला, घडी केली आणि ओंडक्याच्या पायाशी ठेवला.

"ऑर्डर तो लकड़ी का है, बाबूजी. यहाँ लकड़ी कहाँ है?"

आणि त्यानं त्यांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

संध्याकाळी वाळवीच्या त्याच चौकटीसमोर वसंतबुवांनी दत्तजन्म लावला. अच्युतराव मागं खांबाला टेकून बसले होते. पाळणा झाल्यावर बुवांनी त्यांना गाठलं. "काय अच्युतराव, दार?"

अच्युतरावांनी मूठ उघडली. "दार नाही सुटलं, बुवा. दाराचा प्रसाद तेवढा सुटला. घ्या."