फांदीच्या खटल्याची नक्कल

ठाण्यातली ती जुनी नोंदवही सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेली असे. ती कोणी पळवील अशी भीती नव्हती. पण वही जाग्यावरून हलली की तिच्यातील मजकुराचे पावित्र्य भंगते, अशी हवालदाराची निष्ठा होती. तिला स्पर्श करण्यापूर्वी तो रुमालाला हात पुसत असे, आणि बोट जिभेला लावून पान उलटणाऱ्यास निःसंकोच ठाण्याबाहेर काढीत असे. मंगळवारी सकाळी वायरमन चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याच्यापुढे उभा राहिला, तेव्हा हवालदाराने ती वही त्याच भक्तिभावाने उघडली, बराच वेळ तिच्याकडे पाहिले आणि दीर्घ सुस्कारा सोडला.

“तुझं नाव आहे रे ह्यात.”

“माझं? हवालदारसाहेब, बारा वर्षं ह्या ठाण्याची लाइट मी चालू ठेवतोय!”

“लाइटचं सांगू नकोस. लाइट येते, जाते. वही आहे तिथंच असते.” त्याने बोट कागदाला न टेकवता ओळ दाखविली. “‘फिर्यादी सुतार ह्यांच्या अंगणातील चिंचेची फांदी आरोपीने विनापरवाना कापली. प्रकरण न्यायालयाकडे पाठविले.’ पुढं कोरं.”

“अहो, अकरा वर्षं झाली त्याला! ती फिर्याद माझ्या सासऱ्यांची. तेव्हा ते सासरे नव्हते एवढंच. पुढं मी त्यांची मुलगी केली. तुम्ही लग्नाला जेवलात की!”

“पोटभर जेवलो. पण मी जेवलो ह्याची वहीत नोंद नाही.” हवालदाराने वही मिटली आणि तिच्यावर हलकेच हात ठेवला. “निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आण. दाखला उभ्या उभ्या देतो.”

वायरमनच्या तोंडचे पाणी पळाले. बारा वर्षे तो वीज खात्यात रोजंदारीवर खांब चढत होता. आता कोठे त्याला उपकेंद्रात कायम करण्याचा हुकूम निघाला होता, आणि सोमवारपर्यंत दाखला हजर न झाल्यास ती जागा यादीतील पुढच्या इसमास मिळणार होती. न्यायालय होते खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. न्यायाधीश महोदय तेथे एकाआड एक गुरुवारी येत आणि चारच्या ठोक्याला त्यांची जीप परत फिरे. सुदैवाने येता गुरुवार त्यांचाच होता. हा चुकला तर पुढचा पंधरवड्याने.

घरी बायकोने सर्व ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “बाबांनाही नेऊ.”

“त्यांना कशाला? नक्कल मला हवीय.”

“फिर्याद त्यांची ना? आणि तिथले दप्तरदार म्हणजे एक वल्ली आहेत म्हणे. दोन्ही पक्ष सोबत असलेले बरे.”

“पण ते माझ्याशी बोलत नाहीत.”

“मग तुम्हीही बोलू नका. मी मधे बसते.”

मध्ये बसण्याचा तिला जुना अनुभव होता. ज्या फांदीवरून खटला उभा राहिला, ती विजेच्या तारेवर टेकून वाऱ्यासरशी ठिणग्या पाडीत होती, हे न्यायालयात सांगणारी एकमेव साक्षीदार तीच. स्वतःच्या जन्मदात्याविरुद्ध, एका अनोळखी वायरमनच्या बाजूने तिने खरी साक्ष दिली, आणि त्या सत्यनिष्ठेचे फळ म्हणून वर्षाच्या आत त्याच वायरमनच्या गळ्यात माळ घातली. सुताराने तेव्हा डोक्याला हात लावला होता. मात्र नंतर जावई त्याला आवडू लागला होता, इतका की सहा महिन्यांपूर्वी त्याने आपल्या हातांनी सागाची एक लांबलचक शिडी करून त्याला भेट दिली. तेथेच माशी शिंकली.

गुरुवारी तिघे दहाच्या पहिल्या बसने निघाले. तीन तासांच्या त्या प्रवासात सासरे-जावयांचे संभाषण पुढीलप्रमाणे झाले.

“विचार त्यांना, खिडकी लावायची का?” सुतार खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहत म्हणाला.

“सांग मामांना, लावली तरी चालेल.”

“मी माझ्या कानांनी ऐकलं,” ती म्हणाली, “दोघांनीही. आता लावा एकदाची, धूळ माझ्या डोळ्यांत जातेय.”

न्यायालय म्हणजे कौलारू दोन खोल्या. एकीत न्यायदान चाले, दुसरीत दप्तर. दप्तराच्या खोलीला तिन्ही बाजूंनी छताला भिडलेल्या फळ्या होत्या, आणि त्यांवर कापडात बांधलेली प्रकरणे यज्ञशाळेतील समिधांसारखी नीटस रचलेली होती. मधोमध उंच स्टुलावर दप्तरदार विराजमान होता. तीस वर्षांपूर्वी तो रुजू झाला, त्याच पावसाळ्यात वाळवीने दप्तराची सूची समूळ भक्षण केली. प्रकरणांना मात्र तिने तोंड लावले नाही. बहुधा पुढच्या तारखा तिलाही नको असाव्यात. सूचीवाचून प्रकरण सापडायचे कसे? तेव्हा दप्तरदाराने वाळवीस अभक्ष्य अशी एक व्यवस्था स्वबुद्धीने निर्माण केली. ज्या पक्षांचे नंतर गोडीगुलाबीत आले, त्यांची प्रकरणे पूर्वेच्या भिंतीला. ज्यांचा अबोला, त्यांची पश्चिमेला. सोयरिकी जुळल्या, त्यांची मधल्या फळ्यांवर. खोऱ्यात कोठे लग्न ठरले, कोठे भाऊबंद पुन्हा बिनसले, याची तो बाजारात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात नित्य चौकशी करी, आणि दर शनिवारी शिडी लावून प्रकरणे इकडची तिकडे हलवी. खोऱ्यातील जनांचे परस्परांशी कसे चालले आहे, हे त्या खोलीत उभे राहून एका दृष्टिक्षेपात कळे. पश्चिमेची भिंत किंचित वाकली होती.

“भाऊसाहेब, एक नक्कल हवी होती,” वायरमन म्हणाला.

“अर्ज.” दप्तरदाराने छापील कागद पुढे सरकवला. “नाव, गाव, साल. आणि खाली ‘सद्यःस्थिती’. पक्षांचं आपसात सध्या कसं आहे ते. विचार करून लिहा, त्यावरच शोधतो मी.”

वायरमनने पत्नीकडे पाहिले, सासऱ्याच्या पाठीकडे पाहिले, आणि लिहिले : ‘सोयरिक. संबंध उत्तम.’

दप्तरदार शिडी लावून मधल्या फळ्यांवर चढला. एकेक गाठोडे सोडून, धूळ झटकून, पुन्हा तीच गाठ मारून तो एक तासाने खाली उतरला. “नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही लिहिलंत तिथं नाही.”

“मग कुठं आहे?”

“ते मला ठाऊक आहे,” दप्तरदार शांतपणे म्हणाला, “पण माझ्या ठाऊक असण्यावर दप्तर चालत नाही. अर्जावर चालतं. अर्ज चुकीचा असेल तर नवा करा.”

भिंतीवरचे घड्याळ अडीच दाखवीत होते. त्याने मान तिरकी करून दोघांना विचारले, “काय हो, सध्या बोलणं आहे का तुमच्यात?”

“आहे,” वायरमन म्हणाला.

“कोणाशी?” सुताराने भिंतीला विचारले.

“मिस्त्री, कारण काय?” दप्तरदाराने नवा अर्ज ओढून लेखणी मुलीपुढे केली. “कारणाचाही रकाना आहे.”

“कारण!” सुताराचा बांध फुटला. “सहा महिन्यांपूर्वी मी ह्यांना शिडी करून दिली. साग! एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे. पंधरा दिवस रंधा मारला. आणि ह्या गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी ती वरून हातभर कापली. करवतीनं! अहो, आधी माझी चिंच, मग माझी शिडी. ह्यांना दिसेल ते कापायची खोडच आहे. उद्या माझ्या मिशीवर टपतील.”

“खात्याच्या जीपमध्ये मावत नव्हती, मामा!”

“बघा, आता बोलतात!”

“लिहा बाई,” दप्तरदार मुलीला म्हणाला. “सद्यःस्थिती : अबोला. कारण : शिडी.”

प्रकरण पश्चिमेच्या भिंतीवर, खांद्याइतक्या उंचीवर, पहिल्याच हाताला सापडले. दप्तरदाराने फडके सोडले, शेवटचे पान काढले, चष्मा नीट बसविला आणि वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“निकालाची नक्कल देता येणार नाही.”

“का?” तिघांनीही एकदम विचारले. सहा महिन्यांतील त्यांचे ते पहिले एकमत.

“निकालच नाही. हुकूम असा आहे : ‘आरोपीने न्यायालयासमक्ष फिर्यादीस दिलगिरी सांगावी. फिर्यादीने ती मिळाल्याचे स्वहस्ते लिहून द्यावे. तदनंतर प्रकरण बंद.’ पुढची तारीख पडली, आणि त्या तारखेला दोन्ही पक्ष गैरहजर.”

“त्या दिवशी आमचं लग्न ठरत होतं,” मुलगी हळूच म्हणाली.

“ठरत असेल. पण प्रकरण चालूच राहिलं.” दप्तरदाराच्या मुखावर, दीर्घकाळ हरवलेले अपत्य गवसावे तसे वात्सल्य पसरले. “अकरा वर्षं हे आरोपी आहेत.”

“म्हणजे मी आरोपीच्या गळ्यात माळ घातली?”

“मी तेव्हाच म्हणत होतो,” सुतार म्हणाला.

घड्याळात सव्वातीन झाले. शेजारच्या खोलीत न्यायाधीश महोदय कागद आवरू लागल्याचा आवाज येत होता.

“मग काय, सांगून टाका दिलगिरी,” मुलगी नवऱ्याला म्हणाली. “दोन शब्दांचं काम.”

वायरमनने मान हलविली. “फांदीची नाही सांगणार. राग मानू नका मामा, पण ती फांदी ठेवली असती तर तुमचं घर पेटलं असतं. ते माझं काम होतं. त्याबद्दल चुकलो म्हणालो तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्याची फांदी कापू? नोकरी गेली तरी बेहत्तर.”

आता सुतार चिडेल असे सर्वांस वाटले. पण तो प्रथमच जावयाकडे वळून म्हणाला, “फांदीचं मी केव्हाच सोडलंय. फांदी पुन्हा फुटली. शिडी फुटत नसते. शिडीचं काय ते बोल.”

“शिडी ह्या प्रकरणात नाही,” दप्तरदाराने बजावले. “तिच्यासाठी वेगळी फिर्याद.”

मुलीने त्याच्या हातातील पान अलगद आपल्याकडे वळवून ओळीवर नजर फिरवली. “भाऊसाहेब, ‘दिलगिरी सांगावी’ एवढंच आहे. कशाची, ते कुठं लिहिलंय?”

दप्तरदाराने ते वाक्य मनात एकदा आणि मोठ्याने दोनदा वाचले. तीस वर्षांच्या सेवेत त्याने न्यायालयाच्या शब्दाला कधी एक अक्षर जोडले नव्हते. आजही जोडवेना. “महोदयांनी जे लिहिलेलं नाही,” तो अखेर म्हणाला, “ते वाचण्याचा मला अधिकार नाही. चला.”

न्यायाधीश महोदय पिशवी काखेत घेऊन उभे होते. प्रकरणाचे साल ऐकून ते पुन्हा खाली बसले. “बोला. लवकर.”

वायरमनने घसा खाकरला. सासऱ्यासमोर तो उभा राहिला.

“मामा, जीपमध्ये मावत नव्हती हे खोटं. गेल्या उन्हाळ्यात वरच्या खांबावर माझा पाय सटकला. पट्ट्याला लोंबकळत राहिलो पाव तास. तेव्हापासून उंचावर गेलो की खांबालाच मिठी मारतो. तुमची शिडी एवढी लांब, की साहेब म्हणाले, आता सगळे उंच खांब ह्यालाच द्या. म्हणून कापली. तुमच्या कामाला मी नावं ठेवली नाहीत. तिच्यासारखी शिडी अख्ख्या खात्यात नाही. चुकलं माझं.”



“मला नाही सांगितलंत?” बायको म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू चढू दिलं असतंस? रोजंदारी असते ती चढण्याची. उपकेंद्राची ही जागा जमिनीवरची आहे, म्हणून तर एवढा जीव टाकतोय.”

सुतार खाली पाहत होता. “किती कापलीस म्हणालास?”

“हातभर.”

“हात्तिच्या! आणखी दोन हात कापायची होतीस, मूर्खा!”

“दिलगिरी मिळाली का?” न्यायाधीश महोदयांनी घड्याळ पाहत विचारले.

“मिळाली साहेब. पुरून उरली.”

सुताराने कानामागची पेन्सिल काढली. दप्तरदाराने ती नम्रपणे बाजूला सारून स्वतःची लेखणी पुढे केली. ‘मिळाली’ हा एक शब्द सुताराने फळीवर आखणी करावी तसा सावकाश लिहिला. महोदयांनी सही केली आणि चारला पाच मिनिटे असताना जीप सुरू झाली. दप्तरदार नक्कल उतरवून घेण्यास बसला. आता शिक्का तेवढा वाळायचा होता, आणि शुक्रवारी हवालदाराच्या वहीतील कोरी जागा भरायची होती.

वायरमन बाहेरच्या बाकावर टेकला. इतक्यात सुतार त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत विती मोजू लागला.

“मामा, काय चाललंय? लोक बघतायत.”

“बघू देत. हलू नकोस. दोन विती, तीन बोटं.” त्याने पेन्सिलीने तळहातावर आकडा टिपला. “तिथं दिवसभर बसायचं ना तुला? सरकारी खुर्चीनं कंबर जाते. तुझ्या मापाची करून देतो.” मग जावयाच्या नजरेला नजर भिडवून तो म्हणाला, “आणि उंच वाटली, तर आधी मला सांग.”