कुरडूला अकरा फाटे

शिवानीला डॉक्टर व्हायचं होतं, तणाची. कुरडूचं रोप सरळ एका दांड्यावर का वाढतं, फाटे किती आणि कुठून फोडतं, एवढंच ती चार वर्षं विचारत होती. गुंजवणे गावात साळूबाईंच्या पडीक तुकड्याला तिने जाळी मारली, चाळीस रोपांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि राखणीला साळूबाईंनाच बसवलं.

"मावशी, एकही रोप उपटायचं नाही."

"मंग म्या करायचं काय?"

"राखायचं."

"तण?"

पन्नास वर्षं बेणणीत, लोकांच्या शेतातलं तण उपटत वाकलेल्या साळूबाई आठवडाभर हसल्या. मग त्यांनी अट घातली. "तुमी लिवताय त्या पुस्तकात माजं नाव टाका. शाळेच्या पटावरबी कुणी घातलं न्हाई."

"टाकते की."

शिवानी दर शनिवारी एसटीने यायची, मोजायची, हरखायची. कुरडू म्हणजे उभा सोटा, माथ्याला दोन-चार फाटे, असं पुस्तकं सांगत. इथे बुडापासून अकरा-अकरा. तिच्या मार्गदर्शकांनी नव्या प्रकाराला गुंजवण्याचं नावही देऊन टाकलं. दुपारी साळूबाई भाकरी आणि कुरडूची भाजी वाढायच्या. शिवानी दोनदा मागून घ्यायची.

ऑक्टोबरात बाहेरगावचे परीक्षक झाडं पाहायला आले. वाकून त्यांनी एका दांड्यावरून नख फिरवलं.

"शेंडा कुणी खुडला?"

साळूबाई पदर सावरत पुढे झाल्या. "म्याच की! उपटलं एकबी न्हाई, ताईंची आन. कवळा शेंडा तेवढा घ्यायचा. त्यो खुडला की खालनं डोळं फुटून फाटं येत्यात, भाजी दसऱ्यापातुर पुरती. ताईला लई आवडती."

परीक्षकांनी शिवानीकडे पाहिलं. चार वर्षांचा अभ्यास तिने स्वतःच खाल्ला होता, वर लसणाची फोडणी.

"सर, वय झालंय त्यांचं," शिवानी म्हणाली. "काहीही बोलतात. शेळी शिरली होती जाळीत."

"शेळी? आवो, आमच्याकडं शेळी कुठं हाय?"

"मावशी, तुम्ही चहा टाका."

साळूबाईंनी चहा टाकला. साखर जरा जास्तच घातली, पाहुणे शहराचे होते.

प्रबंधाचं नाव बदललं: जनावराने शेंडा खाल्ल्यावर कुरडूची फाटे फोडण्याची रीत. परीक्षकांना तो फारच आवडला. फेब्रुवारीत पदवी मिळाली. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, मार्गदर्शकांच्या पत्नी आणि शनिवारच्या वेल्हे एसटीचे वाहक होते.

एक प्रत शिवानीने गुंजवण्याला नेऊन दिली. इंग्रजी, जाडजूड, सोनेरी अक्षरांची.

"माजं नाव हाय न्हवं?"

"आहे ना. एकशे बाराव्या पानावर."

तिने पान उघडून, एका ओळीवर बोट ठेवून दाखवलंही. साळूबाईंनी त्या ओळीला हळद-कुंकू वाहिलं आणि पुस्तक देवळीत ठेवलं. घरी कुणीही आलं की त्या तेच पान काढून पुढे धरतात.

तिथे लिहिलंय: खुडण्याची उंची पाहता, जनावर शेळीच असावं.