मिनिटाला सहा हजार

मित्रांनो, सुताराच्या दुकानात मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं गोल पातं म्हणजे मी. मला तेवीस दात आहेत. जन्माला आलो तेव्हा चोवीस होते.

पोलादाच्या पत्र्यातून मला गोल कापलं, धार टिकावी म्हणून प्रत्येक दाताला कठीण धातूचं टोक जोडलं आणि अंगावर छापलं : फक्त लाकडासाठी, मिनिटाला जास्तीत जास्त सहा हजार फेरे. ही माझी मर्यादा. फेरे दुप्पट झाले, तर दातांना बाहेर ओढणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो.

सुताराच्या विजेच्या करवतीचे फेरे पाच हजार. आमचं छान जमलं. लोक त्याच्या हाताचं कौतुक करायचे. त्यात थोडा वाटा माझाही, असं मी मनातल्या मनात धरून चालायचो.

चाळिशीनंतर त्याला जवळचं दिसेना, आणि चष्मा लावायला तो तयार नव्हता. मग पातं बदलताना त्याची बायको माझ्यावरचा लाकडाचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसायची आणि मोठ्याने वाचायची.

"पातं सहा हजार, करवत पाच. लावा आता."

"जशी आज्ञा, हेडबाई."

एक दिवस करवतीची मोटर जळाली. एका दाराची खालची कड अर्धा इंच कापायची राहिली होती आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. सुताराने लोखंड कापायचा छोटा ग्राइंडर काढला. मी त्यात मावेना, म्हणून त्याचं संरक्षक झाकण काढून ठेवलं. माझं भोक सैल पडलं, म्हणून मध्ये वायसरची चकती घातली.

"थांबा हो, हात धुऊन येते, मग वाचते," आतून बायको म्हणाली.

"अगं, वीस वर्षं हेच करतोय. पाठ आहे मला."

माझा आकडा त्याला खरंच पाठ होता. ग्राइंडरचा त्याने कधी वाचलाच नव्हता. तो होता अकरा हजार.

एका हातात ग्राइंडर, दुसऱ्याने दार दाबलेलं. मी लाकडात अडकलो. झटका बसला, एक दात उडून समोरच्या फळीत रुतला आणि मी उसळून त्याच्या डाव्या हातावर गेलो. मित्रांनो, बटण सोडलं तरी मला लगेच थांबता येत नाही. तेवढ्यात तीन बोटं गेली.

लाकूड तासायची पटाशी धरायला डावा हात लागतो. आता दुकानात तयार दारं येतात. बायको ती विकते, तो स्टुलावर बसून मापं सांगतो. कधीकधी ती मला खाली उतरवते, पुसते आणि आकडा वाचते.

पातं लावण्याआधी दोन आकडे वाचा, पात्याचा आणि यंत्राचा. पात्याचा मोठा हवा. आणि आतून कुणी 'थांबा' म्हणालं, तर हात धुऊन येण्याइतका वेळ थांबा.