गळ्याची काळजी

मफलरचं टोक चहात बुडालं होतं आणि नवऱ्याला पत्ताच नव्हता — लोकरीचा, तपकिरी, भर उन्हाळ्यात गळ्याभोवती दोन वेढे घातलेला मफलर. आणि पंखा अर्थातच बंद, कारण वारा लागला की म्हणे आवाज बसतो. तिने ते टोक उचलून पिळलं. त्याने छातीवर हात ठेवून आभार मानले. बोलला नाही. अल्बम पुरा होईपर्यंत घरात तोंड उघडायचं नाही, हे त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं. जुनी प्रेमगीतं, नव्या वाद्यमेळात, त्याच्या त्या मखमली आवाजात... आणि घरात नुसत्या खाणाखुणा. मीठ हवं — चिमूट. दार लाव — तळहात. सासूबाईंचा फोन — डोळे वर.

"पुलाच्या कामाचं आज साहेबांना कळवायचंय," ती म्हणाली. "दोन वर्षं तिकडे साइटवरच राहावं लागेल. जाऊ की नको?"

त्याने तर्जनी हवेत गोल फिरवली. नंतर.

आठवडाभर हीच तर्जनी! लग्नाआधी हाच माणूस टेलिफोनवर इतका बोलायचा, की शेवटी बाबा येऊन मुकाट्याने वायरच काढून न्यायचे. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. तेव्हा नुसता गळा होता, गळ्याची काळजी नव्हती.

दुपारी अर्धी रजा टाकून ती स्टुडिओत गेली, कारण गरम पाण्याचा थर्मास तो घरीच विसरला होता, आणि तसा निरोप मात्र न विसरता पाठवला होता.

"या वहिनी," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बरोब्बर आलात. शेवटचं गाणं."

काचेपलीकडे तो, डोळे मिटून. गाण्यातली बाई दारात उभी, निघालेली, आणि तो तिला थांब म्हणतोय — एकदा हळू, मग नुसत्या श्वासासारखं, मग असं, की व्हायोलिनवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला. इतकं आर्जव! आणि कुणापुढे? त्या माइकच्या जाळीपुढे? तिचं डोकंच सणकलं. गाणं संपताच तिने रेकॉर्डिस्टच्या पुढ्यातलं, आत बोलायचं बटण दाबलं.

"मी जाऊ की नको? आत्ता सांग."

काका बूट न्याहाळू लागले. तो काचेकडे वळला, आणि आठवड्यात पहिल्यांदा, माइकमधूनच का होईना, तिच्याशी बोलला.

"जा ना. तुझंच तर काम आहे ते. बरं ऐक, शेवटचं 'थांब' जरा जास्त झालं का गं?"

"झालं," ती म्हणाली. "काढून टाक."

तो समाधानाने मान हलवत पुन्हा माइककडे वळला.

बाहेर जिन्यात ती फोन हातात धरून उभी राहिली. हवं तेच तर मिळालं होतं, मग बोट नंबरावर का पडत नाही... परवानगी कुणी मागितली होती? मला त्याने अडवायला हवं होतं. हट्टाने, भांडून. त्याच्या एकेका 'नको'ला माझ्याकडे उत्तर तयार होतं; अंघोळ करताना, भाजी चिरताना, साइटवर जाता-येता घोटून घोटून तयार केलेलं. तो नको म्हणाला असता तर मी गेले असते — नक्की गेले असते. आणि आता साहेबांचा नंबर समोर आहे, कुणाचीही आडकाठी नाही, आणि आपल्याला खरंच जायचंय का, हे मी पहिल्यांदाच स्वतःला विचारतेय...