जावईबापूंचे चार प्लग

जावयाला नाही म्हणायची आमच्या घरात सोय न्हाय, त्यात हा धोंड्याचा महिना. लेक वैष्णवी आणि जावई कृष्णराज पुण्याहून जेवायला आले. काल सांजच्याला माझा पिकअप दोनदा सेल्फ मारल्यावर सुरू झाला, तर जावईबापू म्हणतात, "मामा, स्पार्क प्लग गेलेत. सकाळी घरीच बदलून देतो." आणि मुरूम गावाला जाऊन चार प्लगचं पाकीट घेऊनसुद्धा आले.

आता आमचा पिकअप डिझेलचा. डिझेलच्या गाडीला स्पार्क प्लग नसतोच, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जावयाला सांगणार कोण? मी तोंड उघडलं तर बायकोनं, धुरपदानं, डोळे वटारले. "मानाचा माणूस हाय. गप बसा."

बसलो. अंगणात पहाटं उपटलेली कोथिंबीर रचलेली, दहाच्या सौद्याला, लिलावाला मुरूमला पोचवायची. उन्हाळ्यातली कोथिंबीर कुणासाठी थांबती व्हय?

जावईबापूंनी बॉनेट उघडलं, मोबाईलवर व्हिडिओ लावला. "प्लग लई आत बसवलेत हो."

"व्हय जी, कंपनीवाले लबाडच," शेजारचा गुंडप्पा म्हणाला. त्याच्या घरी डिझेलचे दोन ट्रॅक्टर हायत!

घटकाभरात डिझेलचे पाईप सुटून खाली लोंबायला लागले. मी आपला "वा, वा" म्हणतोय. वा कसलं, जीव तुटत होता माझा.

"मामा, जुने प्लग कुणीतरी चोरलेत."

"चोरलेच असतील," मी म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.

नऊ वाजले. कोथिंबिरीनं माना टाकायला सुरुवात केली. तेव्हा वैष्णवी उठली. लग्नाआधी हीच गाडी ती बाजाराला न्यायची.

"अहो, चहा निवतोय. आत जा."

ते आत गेले. पोरीनं पाईप आवळले, इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारून पाईपात शिरलेली हवा काढली आणि सेल्फ मारला. गाडी सुरू!

जावईबापू कपबशीसकट धावत आले. "बघितलं मामा? प्लगनं केवढा फरक पडतो!"

धुरपदा ताट घेऊन त्यांनाच ओवाळायला निघाली. माझी लेक कोपरापर्यंत डिझेलनं माखलेली, बाजूला उभी राहून हात पुसत होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. खड्ड्यात गेला तो मान! बॉनेटजवळ ठेवलेलं पाकीट उचलून मी जावयाच्या हातात दिलं.

"जावईबापू, चारी प्लग तर अजून पाकिटातच हायत. गाडी कशानं सुरू झाली, तेवढं तुमच्या बायकोला विचारा."