सहा वाजताची चौकशी

तिमिशोआरा शहरातल्या एका आवारातल्या चार इमारतींमधल्या कॉम्प्युटरांच्या तारा एकाच यंत्रात येत, आणि ते यंत्र लिव्यूच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर बसलेलं असे. त्यावरचा सर्व्हर लिव्यूने स्वतः लिहिला होता. टपाल, गप्पा, सिनेमांच्या फायली, सूचनाफलक, सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेलं. आता तो धापा टाकू लागला होता. कोणती कामं कुणालाच नको आहेत हे शोधायची लिव्यूची रीत सोपी होती. रोज एक काम बंद करायचं आणि जिन्यात कोण ओरडतं ते ऐकायचं. फायली बंद केल्या त्या दिवशी वेतुरियाकाकूंनी ढोबळ्या मिरच्या भरता भरता तिसऱ्या मजल्यावरून त्याचा उद्धार केला होता.

मंगळवारी त्याने चौकशीचं काम बंद केलं. एखाद्याचं नाव विचारलं की तो शेवटचा कधी कॉम्प्युटरवर बसला, एवढंच ते सांगे. कुणी ओरडलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी तो ते कायमचं पुसायला बसला, पण आजवर हे वापरत तरी कोण होतं, हे बघितल्याशिवाय त्याला राहवेना. जुन्या नोंदी काढल्या तर चार वर्षं, रोज संध्याकाळी सहाला, एकच घर एकच नाव विचारत होतं. घर त्रायानकाकांचं, नाव त्यांच्या मुलाचं, राझवानचं. राझवान समोरच्याच इमारतीत राहायचा आणि चार वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं, हे अख्ख्या आवाराला ठाऊक होतं. लिव्यूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात त्रायानकाका, पायात घरातल्याच सपाता.

"लिव्यू, दोन दिवस यंत्र काही बोलत नाही," ते म्हणाले. "पोराला काही झालं तर नाही ना रे?"

काम परत चालू करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. लिव्यूने जोडे चढवले.

"यंत्राला काय कळतंय, काका. चला, बघूनच येऊ."

आवार ओलांडेपर्यंत काका सबबी काढत राहिले. तो कामावर असेल, तू एकटाच जा, मी इथे थांबतो. राझवानच्या दारापाशी मात्र ते लिव्यूच्या मागे उभे राहिले. बेल लिव्यूनेच दाबली.

राझवानने दार उघडलं. कोटाची एकच बाही अंगात होती. त्याने बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दोन दिवस माझी चौकशी केली नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

कोण चौकशी करतंय ते ज्याची चौकशी होते त्याच्या पडद्यावरही दिसावं, ही सोय लिव्यूनेच कधीतरी त्यात घातली होती. ती त्याला आत्ता आठवली.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो, बाबा."